शिल्लक पुढे न्यावी लागते

हिशेबाच्या वहीतील पान संपले, की तळाशी ‘शिल्लक पुढे नेली’ असे लिहावयाचे आणि पुढील पानाच्या माथ्यावर तीच रक्कम ‘शिल्लक पुढे आणली’ म्हणून उतरवून घ्यावयाची, हा जमाखर्चाचा अगदी पहिला धडा होय. या दोन नोंदींमध्ये नवे असे काहीच नसते. तरीही ती शिल्लक पुढे न्यावयाची राहून गेली, तर मागील पानावरचे सारे काटेकोर लेखन निरुपयोगी ठरते. कागद जागेवर असतो, शाई पुसलेली नसते; परंतु चालू हिशेबाशी त्या पानाचा संबंध तुटलेला असतो.

संगणकात साठविलेल्या माहितीच्या बाबतीत हा धडा आज घरोघरी आणि अनेक कार्यालयांतून विसरला गेला आहे. माहिती एकदा ‘सेव्ह’ केली म्हणजे ती कायमची सुरक्षित झाली, अशी समजूत रूढ आहे. ही समजूत किती तकलादू आहे, याचा प्रत्यय कपाटावर ठेवलेली पंधरा-वीस वर्षांपूर्वीची नेटवर्क स्टोरेज पेटी नव्या संगणकाला जोडू पाहणाऱ्यास हमखास येतो. पेटीचा दिवा लागतो, आतील डिस्क फिरू लागते, आणि संगणक मात्र तिची ओळखच नाकारतो.

पेटी जुनी, ऐवज मोलाचा

नेटवर्क स्टोरेज, संक्षेपाने ‘नॅस’, म्हणजे एक-दोन हार्ड डिस्क सामावून घेणारी लहानशी पेटी. तिला कीबोर्ड नसतो, पडदा नसतो. ती केबलने राउटरला जोडावयाची आणि घरातील वा कार्यालयातील सर्व संगणकांनी तिच्यात आपापल्या फाइली ठेवावयाच्या, अशी ही सोय. साधारणपणे २००५ ते २०१२ या काळात डी-लिंक, लिंकसिस, नेटगिअर, वेस्टर्न डिजिटल आदी कंपन्यांच्या अशा पेट्या बाजारात होत्या. स्वतंत्र सर्व्हर घेण्याचा खर्च त्यांमुळे वाचत असल्याने लहान व्यावसायिकांना त्या विशेष सोयीच्या वाटल्या.

भिलाईसारख्या शहरात अशा पेटीत काय काय असू शकते, याचा विचार केला म्हणजे प्रश्नाचे गांभीर्य ध्यानी येते. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी झालेल्या करारातून येथील पोलाद कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. दुर्ग जिल्हा ज्या राज्यात होता, त्याची राजधानी १९५६ पर्यंत नागपूर होती. साहजिकच नोकरीच्या निमित्ताने विदर्भातून अनेक मराठी कुटुंबे येथे आली आणि टाउनशिपच्या निरनिराळ्या सेक्टरांतून राहिली. त्यांची पुढील पिढी पुणे, बंगळुरू किंवा परदेशी गेली. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडताना जे सामान बांधले जाते, त्यात कधी कधी ही पेटीही निघते. मुलीच्या लग्नाची चित्रफीत, आजी-आजोबांची स्कॅन केलेली छायाचित्रे, जमिनीच्या कागदांच्या प्रती असा ऐवज तिच्यात असतो, आणि त्याची दुसरी प्रत बहुधा कोठेही नसते.

नंदिनी रोड वा हथखोज येथील औद्योगिक वसाहतींतील लहान कारखान्यांची गोष्ट आणखी निराळी. पोलाद उद्योगाला सुटे भाग पुरविणाऱ्या कारखानदाराची खरी पुंजी म्हणजे वर्षानुवर्षे जमविलेली आरेखने. एखाद्या यंत्राचा भाग पंधरा वर्षांनी पुन्हा मागविला जातो आणि तेव्हा जुने आरेखन लागते. करसल्लागाराकडील जुनी विवरणपत्रे, एखाद्या मराठी मंडळाची सभासदांची यादी, गणेशोत्सवाचे जमाखर्च हेही अशाच पेटीत असू शकतात. पेटीची किंमत आज भंगाराची. आतील ऐवजाची मात्र मोजता न येणारी.

संगणक ओळख का नाकारतो?

जुनी पेटी जोडता आली नाही, की बहुतेकांचा पहिला निष्कर्ष ‘पेटी बिघडली’ असा असतो. वस्तुतः पुष्कळदा पेटी ठणठणीत असते. बदललेली असते ती दोहोंमधील बोलण्याची भाषा.

दोन संगणकांनी आपसांत फाइलींची देवघेव कशी करावी, याची एक नियमावली आहे. तिला एसएमबी म्हणतात. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात आयबीएम कंपनीतील बॅरी फायगेनबाउम यांनी ती रचली आणि पुढे मायक्रोसॉफ्टने विंडोजमध्ये तिचा प्रसार केला. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी ‘सांबा’ नावाचा मुक्त प्रोग्राम लिहून हीच भाषा इतर संगणकांनाही शिकविली, आणि स्वस्त नॅस पेट्यांच्या पोटात बहुधा हाच सांबा बसविलेला असे. नियमावलीची दुसरी आवृत्ती विंडोज व्हिस्टाबरोबर २००७ मध्ये घरोघरी आली. तिसरी २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर. सांबाला दुसरी आवृत्ती पूर्णपणे अवगत झाली ती २०११ मध्ये. परिणामी त्यापूर्वी बनलेल्या असंख्य पेट्यांना केवळ पहिली आवृत्तीच ठाऊक आहे. निर्मात्याने नंतर त्यांचे अंतर्गत सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, सुधारून दिले नसेल, तर त्या आजही तेवढेच बोलतात.

इकडे नव्या संगणकांनी ती पहिली आवृत्ती बोलणे सोडून दिले आहे. ऑक्टोबर २०१७ च्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून ती नव्या स्थापनेत पूर्णतः किंवा अंशतः गाळली गेली. जेथे राहिली, तेथेही पंधरा दिवस वापर न झाल्यास ती आपोआप निघून जाते. सांबानेही २०१९ मध्ये ती मूळ रचनेतच बंद केली. २०२४ च्या विंडोज ११ च्या आवृत्तीने तर होम वगळता इतर प्रमुख प्रकारांत प्रत्येक संदेशावर सांकेतिक स्वाक्षरीची अट घातली आणि पासवर्डाविना ‘पाहुणा’ म्हणून प्रवेश देणेही थांबविले. जुन्या पेट्यांना नेमक्या याच दोन गोष्टी अवघड जातात. पेटीच्या व्यवस्थापनाचे पान ब्राउझरमध्ये उघडू पाहावे, तर तेथेही अडचण येऊ शकते. कारण टीएलएस या सुरक्षित जोडणीच्या जुन्या आवृत्त्या प्रमुख ब्राउझरांनी २०२० च्या सुमारास नाकारावयास आरंभ केला.

गोंदियाचा धडा

हा पेच भिलाईकरांना नवा वाटू नये. भिलाईहून नागपूरकडे जाताना गोंदिया लागते. विसाव्या शतकाच्या आरंभी गोंदियाहून जबलपूरकडे नॅरोगेजचा लोहमार्ग निघाला. ब्रॉडगेजच्या रुळांमधील अंतर १,६७६ मिलिमीटर, तर या नॅरोगेजचे ७६२ मिलिमीटर. एका रुळावरची वाघीण दुसऱ्या रुळावर जाणे अशक्य. म्हणून एका गाडीतून माल उतरवावयाचा आणि दुसऱ्या गाडीत चढवावयाचा, हाच उपाय होता. छोट्या गाडीसाठी मोठ्या मार्गाचे रूळ कोणी आत सरकविले नाहीत. नागपूरहून राजनांदगावपर्यंत प्रथम आलेला मार्गसुद्धा मीटरगेज होता. बंगाल नागपूर रेल्वेने तो ताब्यात घेऊन रुंद केला. गोंदियाचा नॅरोगेजही पुढे टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाला.

जुन्या पेटीच्या संदर्भात नेमकी हीच दृष्टी हवी. नव्या संगणकाचे रूळ जुन्या पेटीच्या मापाचे करावयाचे नाहीत. माल एकदाच, नीट मोजून, उतरवून घ्यावयाचा. दुर्दैवाने बहुतेक ठिकाणी याच्या उलट घडते. ओळखीचा एखादा जाणकार येतो, नव्या संगणकात जुनी नियमावली पुन्हा सुरू करून देतो, पेटी दिसू लागते आणि सर्वांना हायसे वाटते. ती नियमावली मग तशीच सुरू राहते; वर्षानुवर्षे.

उघड्या दाराची किंमत

त्या उघड्या दाराची किंमत जगाने २०१७ मध्ये मोजली आहे. एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतील त्रुटी बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी प्रसृत केली होती. अनेकांनी ती बसविली नाही. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर व्हायरस पसरला आणि सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांतील फाइली त्याने कुलूपबंद केल्या. ब्रिटनमधील सार्वजनिक रुग्णालयांना रुग्णांच्या नियोजित भेटी रद्द कराव्या लागल्या. पुढच्याच महिन्यात, २७ जून रोजी, त्याच त्रुटीचा लाभ घेणारा ‘नॉटपेट्या’ आला. त्याचा फटका मर्स्क या जहाज कंपनीला बसला आणि न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले.

‘आमची पेटी घरातल्या घरात आहे, तिला कोण काय करणार?’ असा प्रश्न यावर हमखास विचारला जातो. या व्हायरसांचे वैशिष्ट्य हे, की एकदा एका संगणकात शिरल्यानंतर ते त्याच कार्यालयातील इतर संगणकांत आपोआप पसरत. जिथे जुनी नियमावली दुरुस्तीविना सुरू होती, तिथे मालकाने काही क्लिक करण्याचीही आवश्यकता नव्हती. इंटरनेटला थेट जोडलेल्या जुन्या पेट्यांची स्थिती तर आणखी बिकट. वेस्टर्न डिजिटलच्या ‘माय बुक लाइव्ह’ या पेटीसाठीची सॉफ्टवेअर सुधारणा २०१५ नंतर थांबली होती. जून २०२१ मध्ये कोणी अज्ञातांनी दूरवरून त्या पेट्या कोऱ्या केल्या आणि जगभरातील अनेक ग्राहकांचा कित्येक वर्षांचा संग्रह एका दिवसात नाहीसा झाला.

बँकेच्या ग्राहकाच्या दृष्टीने यात आणखी एक धागा आहे. ज्या संगणकावर जुनी छायाचित्रे पाहावयाची, बहुधा त्याच संगणकावर इंटरनेट बँकिंगही चालते. लहान कारखान्यात तर कामगारांचे पगार, पुरवठादारांची देणी आणि वस्तू व सेवा कराचा भरणा हे सारे एकाच यंत्रावरून होते. एका जुन्या पेटीसाठी त्या यंत्राचे दार किलकिले ठेवणे म्हणजे अडगळीच्या खोलीसाठी तिजोरीची खोली उघडी टाकण्यासारखे आहे.

ऐवज सोडविण्याची रीत

माल उतरवून घेण्याचे काम फार अवघड नाही. मात्र ते क्रमाने करावे लागते. प्रथम पेटीचा अॅडॉप्टर तिचाच आहे ना, हे त्यावरील व्होल्ट आणि अँपिअर यांचे आकडे पेटीवरील आकड्यांशी ताडून पाहावे. चुकीचा अॅडॉप्टर लावल्याने चांगली पेटी जळू शकते. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर तेथेच थांबून ती माहिती परत मिळवून देणाऱ्या तज्ज्ञाकडे सोपवावी. वारंवार चालू-बंद केल्याने नुकसान वाढते.

पेटी सुरळीत चालू झाली, की तिचा पत्ता शोधावा. घरचा राउटर मधल्या काळात बदललेला असतो आणि पत्त्यांची मालिकाही बदललेली असते. पेटीला जुन्या मालिकेतील पत्ता कायमचा दिलेला असेल, तर ती नव्या राउटरला दिसतच नाही. अशा वेळी पेटी केबलने थेट संगणकाला जोडून संगणकालाही त्याच जुन्या मालिकेतील पत्ता तात्पुरता द्यावा. नव्या लॅपटॉपला केबलचे भोक नसल्यास यूएसबीला लावावयाचा अॅडॉप्टर मिळतो. विंडोजच्या ‘नेटवर्क’ यादीत पेटी दिसली नाही, तरी निराश होऊ नये. ती यादी जुन्या नियमावलीवर विसंबून असे. पत्ता थेट टाइप केल्यावर पेटी उघडण्याची शक्यता असते. ‘पाहुणा’ म्हणून प्रवेश नाकारला गेला, तर संगणकाची सुरक्षा सैल करू नये. पेटीवरच नाव आणि पासवर्ड असलेले खाते उघडावे. तसेच निर्मात्याने त्या मॉडेलसाठी नवे फर्मवेअर दिले आहे का, हेही पाहून घ्यावे.

एवढ्याने काम झाले नाही, तर तीन मार्ग उरतात. पहिला मार्ग एफटीपीचा. फाइली उतरविण्याची ही जुनी रीत अनेक पेट्यांना येते. ब्राउझरांनी २०२१ मध्ये तिला निरोप दिला असला, तरी फाइलझिलासारखा मोफत प्रोग्राम ते काम करतो. दुसरा मार्ग मधल्या संगणकाचा. एखाद्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स बसवावे, त्यास पेटीची भाषा बोलू द्यावी, माल त्याच्याकडे उतरवावा आणि तेथून यूएसबी डिस्कवर घेऊन नव्या संगणकाकडे न्यावा. गोंदियाच्या फलाटाचे काम हा लॅपटॉप करतो. त्यास इंटरनेटची जोडणी मात्र देऊ नये.

तिसरा मार्ग अगदी नाइलाजाचा. विंडोजच्या वैशिष्ट्यांच्या यादीत एसएमबी १ चे तीन उपभाग दिसतात. त्यांपैकी केवळ ‘क्लायंट’ हा भाग सुरू करावा. ‘सर्व्हर’ला हात लावू नये. त्याआधी वाय-फाय बंद करावे, राउटरची केबल काढावी आणि संगणक व पेटी या दोघांचीच जोडणी ठेवावी. प्रती घेऊन झाल्या, की तो भाग त्याच दिवशी काढून टाकावा आणि मगच इंटरनेट सुरू करावे.

पेटीतील डिस्क काढून ती थेट संगणकाला लावावी, असाही सल्ला दिला जातो. त्या डिस्कवरील मांडणी बहुधा लिनक्सची असल्याने विंडोजला ती वाचता येत नाही आणि ‘ही डिस्क फॉरमॅट करावी काय?’ असा प्रश्न पडद्यावर येतो. या प्रश्नास ‘होय’ म्हणणे म्हणजे सारा ऐवज गमावण्याचा धोका पत्करणे.

वेळेचाही अंदाज आधी घ्यावा. जुनी पेटी सेकंदाला ६ मेगाबाइट या गतीने देत असेल, तर ५०० गीगाबाइट उतरविण्यास सुमारे २३ तास लागतात. यास्तव एका दमात सर्व ओढण्यापेक्षा महत्त्वाचे फोल्डर प्रथम घ्यावेत.

अक्षरांचाही गेज बदलला

फाइली उतरल्या म्हणजे मजकूर हाती आला, असे मात्र मराठी माणसाला म्हणता येत नाही. त्या काळातील पुष्कळसे मराठी आणि हिंदी लेखन श्रीलिपी, कृतिदेव किंवा सी-डॅकच्या आयएसएममधील फॉन्टांत झालेले आहे. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीची चिन्हे बसविलेली असत. तो फॉन्ट नव्या संगणकावर नसला, की संपूर्ण इतिवृत्त इंग्रजी अक्षरांच्या निरर्थक जुळणीसारखे दिसते. अशा फाइली युनिकोडमध्ये रूपांतरित करून, जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांखालून घालून मगच जपून ठेवाव्यात. लोहमार्गावरून माल आला, पण गोण्यांवरील खुणा वाचता येत नाहीत, अशी गत व्हावयास नको. मूळ फाइलही सोबत ठेवावीच. रूपांतरात चूक आढळल्यास तीच उपयोगी पडते.

साठविणे आणि वाचता येणे

हा केवळ हौसेचा वा आठवणींचा प्रश्न नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ७ ने इलेक्ट्रॉनिक नोंदी जपण्यास कायदेशीर मान्यता दिली. पण ती देताना पहिलीच अट अशी घातली, की त्यातील माहिती पुढील संदर्भासाठी वापरता येईल अशा रीतीने उपलब्ध राहिली पाहिजे. म्हणजे पेटी कपाटात असणे पुरेसे नाही. ती उघडली पाहिजे. कंपनी कायदा, २०१३ नुसार कंपनीला आपली हिशेबाची पुस्तके आठ आर्थिक वर्षे जपावी लागतात. वस्तू व सेवा कराच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवाव्या लागतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयापुढे ठेवताना द्यावयाच्या प्रमाणपत्रात त्या फाइलीचे ‘हॅश’ मूल्य नमूद करण्याची तरतूद आहे. हॅश म्हणजे फाइलीच्या आशयावरून गणिताने काढलेली खूण. एक अक्षर बदलले तरी ती बदलते. जुन्या पेटीतील फाइलीची आणि नव्या प्रतीची ही खूण जुळली, तर प्रत तंतोतंत उतरली, असे निश्चितपणे म्हणता येते. फाइलींची संख्या आणि एकूण आकारमान जुळवून पाहणे ही त्याआधीची सोपी पायरी होय.

बँकांना ही जुळणी नवी नाही. डॉ. रंगराजन समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर शाखांमध्ये लेजर पोस्टिंग मशिने आली, मग संपूर्ण शाखांचे संगणकीकरण झाले आणि त्यानंतर कोअर बँकिंग. प्रत्येक टप्प्यावर जुन्या पद्धतीतील शिल्लक आणि नव्या पद्धतीतील शिल्लक ताडून पाहण्यासाठी कर्मचाऱ्यांनी रात्री जागविल्या. ‘जुने यंत्र अजून चालते आहे, लागेल तेव्हा पाहू’ असे कोणी म्हटले नाही. १८९१ च्या बँकर्स बुक्स एव्हिडन्स अॅक्टमध्येही पुढे दुरुस्ती होऊन फ्लॉपी, डिस्क आणि टेप यांतील माहितीची छापील प्रत बँकेच्या पुस्तकांत गणली गेली. आज ती फ्लॉपी वाचणारे यंत्र शोधावे लागते. खातेदाराची शिल्लक मात्र रुपया-पैशासह शाबूत आहे, कारण ती वेळोवेळी पुढे नेली गेली.

नवी पेटी घेताना

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की चालती वस्तू टाकून देणे हा अपव्यय आहे. आक्षेपात तथ्य आहे. ग्राहकाने पूर्ण किंमत देऊन घेतलेली वस्तू निर्मात्याने मध्येच वाऱ्यावर सोडावी, हे न्याय्य नाही. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून अशा जोडणीयोग्य वस्तूंसाठी सुरक्षा-सुधारणा किमान किती काळ मिळतील, हे जाहीर करणे निर्मात्यांना बंधनकारक झाले आहे. औषधाच्या वेष्टनावर मुदत छापलेली असते; तशीच नॅसच्या खोक्यावरही असावयास हवी आणि भारतीय ग्राहकाने ती दुकानात मागितली पाहिजे. परंतु ती मागणी मान्य होईपर्यंत धोका थांबून राहत नाही. ऐवज काढून घेतलेल्या पेटीला निवृत्त करणे हाच व्यवहार्य मार्ग होय. तिची डिस्क पूर्ण पुसून मगच ती नोंदणीकृत ई-कचरा पुनर्प्रक्रिया केंद्राकडे द्यावी. बँकेची विवरणपत्रे आणि ओळखपत्रांच्या प्रती असलेली डिस्क भंगारवाल्याच्या हातगाडीवर जाऊ नये.

दुसरा आक्षेप असा, की सर्व काही इंटरनेटवरील ‘क्लाउड’वर ठेवले म्हणजे ही कटकटच नको. क्लाउड उपयुक्त आहे, पण तोही दुसऱ्याच्या अटींवर चालतो. गुगल फोटोजमधील अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ रोजी बंद झाली, हे अनेकांच्या स्मरणात असेल. यास्तव तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर आणि त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी, हा जाणकारांचा नियम सोईस्कर ठरतो. दोन डिस्क असलेली पेटी म्हणजे दोन प्रती, हा गैरसमजही सोडावयास हवा. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकदमच पुसली जाते.

लेखावर्षाच्या अखेरीस, ३१ मार्चला, प्रत्येक व्यावसायिक शिल्लक पुढे नेतो. त्याच दिवशी घरातील व कार्यालयातील साठवणीचाही ताळेबंद मांडला जावा. कोणती पेटी कोठे आहे, तिचा पासवर्ड कोणाला ठाऊक आहे, ती नव्या संगणकावर उघडते का आणि तिच्यातील दोन-चार जुन्या फाइली प्रत्यक्ष वाचता येतात का, एवढेच पाहावयाचे. अर्ध्या तासाचे हे काम आहे. जी पेटी त्या दिवशी उघडणार नाही, तिचा ऐवज त्याच आठवड्यात पुढे न्यावा. पुढील वर्षी ती उघडेलच, याची हमी कोणताही निर्माता देत नाही.